लंगडणाऱ्या शेळ्या: कात्री कुठे चालवायची, बोकड कधी बदलायचा

प्रश्न तुळजापूर भागातल्या एका तरुण शेळीपालकाचा आहे. त्यांच्याकडे बंदिस्त शेडमध्ये 28 उस्मानाबादी शेळ्या आहेत. पावसाळा लागल्यापासून आठ-नऊ शेळ्या लंगडतात, दोघी पुढच्या गुडघ्यांवर टेकून चारा खातात, नख्या चपलेसारख्या पुढे वाढल्यात. बोकड देखणा, पंचावन्न किलोचा, पण त्याचे पाय खुरांच्या लगेच वरच्या भागात खाली बसल्यासारखे दिसतात. त्याच्या पाच पाठी, म्हणजे तरुण मादी पिल्लं, आता वर्षाच्या झाल्या, त्यांतल्या तिघींचे पाय तसेच आहेत. ते विचारतात: ताई, नेमाने खूर कापले तर पाय सरळ होतील का? की बोकडच बदलू?

भाऊ, तुमच्या एका प्रश्नात तीन प्रश्न मिसळलेत. पावसाळ्यातलं लंगडणं हा ओलीचा आणि जंतूंचा प्रश्न आहे. चपलेसारखी वाढलेली नखी हा जमिनीचा आणि वेळेवर न कापण्याचा प्रश्न आहे. खाली बसलेले पाय हा रक्ताचा, म्हणजे आईबापाकडून आलेला, प्रश्न असू शकतो. पहिल्याला औषध आहे, दुसऱ्याला कात्री आहे, तिसऱ्याला दोन्ही चालत नाहीत. पण घाई करू नका, कारण नखी फार वाढली की धडधाकट पायसुद्धा मागे झुकून खाली बसल्यासारखा दिसतो. आधी दुखणं बरं करायचं, मग सगळ्यांचे खूर नीट कापायचे, आणि मग पाय बघून बोकडाचा निर्णय घ्यायचा. या क्रमाने गेलात तर चांगला बोकड विनाकारण कापला जाणार नाही आणि वाईट बोकड विनाकारण राहणार नाही.

मी बावीस वर्षं शेळ्या पाळते, त्यांतली नऊ वर्षं पशुसखी म्हणून आसपासच्या वस्त्यांवरही जाते. लंगडी शेळी दाखवली की लोक पहिल्यांदा इंजेक्शन विचारतात. मी पहिल्यांदा पाय उचलते.

आजच्या आज एक काम करा. लंगडणाऱ्या प्रत्येकीचं तोंड उघडून बघा आणि अंगाला ताप आहे का ते बघा. हिरडीवर, जिभेवर फोड किंवा चट्टे असतील, नख्यांच्या बेचक्यात आणि वर केस संपतात त्या कडेला फोड असतील, दोन-चार दिवसांत बऱ्याच जणी एकदम लंगडायला लागल्या असतील, तर तो लाळ्या खुरकूत धरून चाला. शेळीत तोंडाची लक्षणं गायीइतकी ठळक नसतात, लाळेच्या तारा लोंबतातच असं नाही, म्हणून लांबून बघून ठरवू नका. तसं दिसलं तर कात्री बाजूला ठेवून दवाखान्यात कळवा, आणि एकही जनावर बाजारात नेऊ नका. एकच शेळी, एकच पाय, कालपर्यंत बरी होती, असं असेल तर काटा शोधा. वेड्या बाभळीचा काटा बेचक्यात मोडून बसला तर वरून काही दिसत नाही, बोटाने दाबत गेलं की शेळी ज्या जागी पाय झटकते तिथे तो असतो. गुडघे सुजून टणक झाले असतील किंवा लहान करडांचे सांधे गरम लागत असतील तर खुरात काही शोधत बसू नका, डॉक्टरांना बोलवा. करडांच्या सांध्याचं दुखणं पुष्कळदा जन्मताना नाळेला टिंक्चर आयोडीन न लावल्यातून आलेलं असतं.

आता तुमच्या आठ-नऊ जणींकडे येऊ. जुलै-ऑगस्टमध्ये बेचक्यातली कातडी सतत ओली राहिली की पांढरी, मऊ पडते, मग लाल होते. लेंडी-मुताच्या रबडीतले जंतू तिथून आत शिरतात. इथवर आलं असेल तर कोरडी जागा आणि औषधी पाणी एवढ्यावर थांबतं. पण त्यात डायचेलोबॅक्टर नावाचा दुसरा जंतू मिसळला की तो नखीचं कवच टाचेकडून आतून सुटं करत पुढे सरकतो. याला फूट रॉट म्हणतात, आपल्याकडे खूर सडणं. ओळख वासावरून. पाय नाकाजवळ नेला की जो कुजका, डोक्यात जाणारा वास येतो तो एकदा घेतला की दुसऱ्यांदा विचारावं लागत नाही.

या जंतूची एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. खुराबाहेर, मातीत, तो साधारण दोन आठवडेच तग धरतो. म्हणजे तुमची जमीन कायमची बाधित होत नाही. तो एखाद्या जुनाट लंगड्या शेळीच्या वाढलेल्या नखीखाली उन्हाळा काढतो आणि पुढच्या पावसात सगळ्यांना देतो. दर पावसाळ्यात पहिली लंगडणारी शेळी तीच ती असेल, तर तुमचा रोग त्या शेळीच्या पायात राहतो. दोनदा नीट उपचार करूनही तिसऱ्यांदा तिचाच पाय सडला तर मी ती ठेवत नाही. दूध कितीही देत असली तरी नाही.

उपचारात मी स्वतः एक सवय बदलली आहे. पूर्वी आम्ही सडलेला भाग रक्त येईपर्यंत कोरायचो, हवा लागली पाहिजे म्हणून. पुढे मेंढ्यांवर झालेल्या अभ्यासांतून दिसलं की असा ताजा सडका खूर कोरल्याने तो बरा व्हायला उलट जास्त दिवस लागतात. आता मी पाय धुते, कोरडा करते, अगदी सुटी लोंबणारी ढलपी तेवढी काढते, जखमेवरचा स्प्रे मारते आणि डॉक्टरांकडून अँटिबायोटिक देऊन घेते. मात्रा वजनावर असते, ती त्यांनीच ठरवायची. औषधानंतर किती दिवस दूध वापरायचं नाही आणि जनावर कापायला द्यायचं नाही हेही तेव्हाच विचारून घ्या. खूर कापायचा तो पाय टेकायला लागल्यावर.

बाकीच्या कळपाला खुरांचं पाणी द्या. 10 लिटर पाण्यात 1 किलो झिंक सल्फेट, त्यात चमचाभर कपड्याची पावडर, म्हणजे पाणी खुराला धरून राहतं. झिंक सल्फेट खताच्या दुकानात मिळतं. पत्र्याच्या किंवा प्लॅस्टिकच्या पसरट ट्रेमध्ये नखी पूर्ण बुडेल एवढं, चार बोटं पाणी ठेवा, आधी साध्या पाण्याने चिखल धुवून मग दहा मिनिटं उभं करा, आणि नंतर तासभर कोरड्या फरशीवर थांबवा. चिखलाचा पाय बुडवून परत चिखलात सोडलात तर एक किलो झिंक वाया गेलं. शेळ्यांना आधी पोटभर पाणी पाजून आणा, तहानलेली शेळी ट्रेमध्ये तोंड घालते. मोरचूदही चालतो, 10 लिटरला अर्धा किलो, पण तो पोटात गेला तर विष आहे आणि उरलेलं पाणी कुठे टाकायचं हाही प्रश्न असतो. विहिरीजवळ, ओढ्यात नाही टाकायचं. मी झिंकच वापरते. फॉर्मेलिन मी वापरत नाही, उघड्या जखमेवर ते आगीसारखं लागतं.

आता कापण्याबद्दल, कारण तुमच्या शेडची खरी थकबाकी तिथे आहे.

शेळीची नखी महिन्याला सुमारे तीन ते पाच मिलिमीटर वाढते. डोंगरउताराला, खडकाळ माळावर चरणारी शेळी तेवढी रोजच्या रोज झिजवते, म्हणून धनगरवाड्यावरच्या शेळीला कात्री सहसा लागत नाही. तुमची शेळी दिवसभर मुरमावर आणि लेंड्यांच्या मऊ थरावर उभी. तिची वाढ थांबत नाही, झीज मात्र होत नाही. बंदिस्त शेडमध्ये सहा ते आठ आठवड्यांनी खूर बघायलाच हवेत. वर्षातून एकदा, पोळ्याच्या आसपास एकदम सगळे, हा हिशेब बंदिस्तला पुरत नाही.

हत्यार म्हणून द्राक्ष-डाळिंबाच्या छाटणीची कात्री उत्तम, फक्त खुरांसाठी वेगळी ठेवा. एक छोटा धारदार चाकू, एक कानस, एक ताठ ब्रश, टिंक्चर आयोडीन, कापूस. उन्हाळ्यात नखी दगडासारखी होते, तेव्हा कापायच्या आधी वीस मिनिटं ओलं गोणपाट पायाला गुंडाळा किंवा ओल्या वाळूत उभं करा. पावसाळ्यात ती आपसूक मऊ असते, कापायला सोपी आणि जास्त कापली जायलाही सोपी. गाभण शेळीला शेवटच्या दीड महिन्यात उलटीपालटी करू नका, त्याआधीच उरकून घ्या.

शेळीला आडवी पाडायची गरज नसते. भिंतीला लावून उभी करा, आपल्या गुडघ्याने तिची कूस भिंतीकडे हलकी दाबून धरा. पुढचा पाय गुडघ्यात मागे दुमडा. मागचा पाय ती चालताना जसा मागे जातो तसाच सरळ मागे घ्या, बाजूला ओढू नका. बाजूला ओढला की खुबा दुखतो आणि मग पुढच्या वेळी ती तुम्हाला बघूनच पळते.

मागच्या आठवड्यातली आमच्या चांदी नावाच्या शेळीची गोष्ट सांगते, म्हणजे डोळ्यांसमोर येईल. तिचा उजवा मागचा पाय घेतला. दोन्ही नख्यांची बाहेरची कड आत वळून तळव्यावर दुमडली होती, पिशवीचं तोंड मिटावं तशी. त्या घडीत काळी, दाबून बसलेली लेंडी. आधी कात्रीच्या बोथट टोकाने ती सगळी उकरून काढली, ब्रशने घासलं. घाण काढल्याशिवाय कात्री लावायची नाही, आपण काय कापतोय ते दिसलंच पाहिजे. मग दुमडलेली कड टाचेकडून टोकाकडे कापत गेले, तळव्याच्या पातळीला येईपर्यंत. मग पुढचं वाढलेलं टोक. मग चाकूने तळवा, पापडासारखे पातळ पापुद्रे. पहिले दोन-तीन करडे, भुसभुशीत निघाले, मग पांढरा, ओलसर, चिवट तळवा लागला. त्यात कुठेतरी फिकट गुलाबी झाक दिसली की हात तिथेच थांबवायचा. गुलाबीच्या पुढे रक्त आहे. टाच थोडी उंच राहिली होती, तिथून एक काप काढला आणि दोन्ही नख्या एका पातळीत आणल्या. पाय खाली ठेवला तर तिने तो दोनदा झटकला आणि मग पूर्ण टेकला. पहिल्यांदा.

कुठपर्यंत कापायचं हे समजायला दहा-बारा दिवसांचं करडू उचलून त्याचा खूर बघा. खाली सपाट, बाजू सरळ, टोक आखूड, दोन्ही नख्या जवळजवळ चिकटलेल्या, छोट्या डबीसारखा. वर केस संपतात ती रेघ आणि खालचा तळवा साधारण समांतर. मोठ्या शेळीचा खूर कापून त्या आकारापर्यंत न्यायचा असतो. पण तुमच्या चपला झालेल्या नख्या एका दिवसात तिथे नेऊ नका. नखी लांबते तशी आतली जिवंत पेशीही तिच्याबरोबर पुढे सरकलेली असते. थोडं कापा, दोन-तीन आठवडे थांबा, ती मागे हटते, मग पुन्हा थोडं. तीन फेऱ्यांत खूर जागेवर येतो.

रक्त आलंच तर घाबरू नका. कापसाने दोन मिनिटं घट्ट दाबा, टिंक्चर लावा, दिवसभर कोरड्यात बांधा. खोल कापलं असेल तर धनुर्वाताच्या इंजेक्शनचं डॉक्टरांना विचारा, शेळीला धनुर्वात होतो आणि झाला की हातात फारसं काही राहत नाही. आधी निरोगी शेळ्यांचे खूर कापा, सडलेला पाय बरा होऊन टेकायला लागलेल्या शेळ्या शेवटी घ्या, आणि दर शेळीनंतर कात्री जंतुनाशकात बुडवा. मी आमच्याच भागात एका कात्रीने अख्ख्या वस्तीत खूर सडण्याचा रोग फिरलेला बघितलाय. कापलेले तुकडे गोळा करून जाळा.

जमिनीचं थोडक्यात सांगते. पाण्याच्या टाकीखालचा चिखल हे जवळजवळ प्रत्येक शेडमधलं दुखण्याचं घर असतं. तिथे दगड-मुरूम भरून उतार काढा, आठवड्याला विझवलेल्या चुन्याची भुकटी टाका. मोकळ्या जागेत दोन-तीन फूट उंच खरबरीत दगडांचा कट्टा रचा. शेळीला उंचावर चढायची ओढ असतेच, ती दिवसातून पन्नास वेळा चढते-उतरते आणि कानशीचं अर्धं काम तो कट्टा करतो. मचाण केलं असेल तर पट्ट्यांमधली फट दीड सेंटिमीटरच्या आसपास ठेवा, जास्त ठेवली की करडांचे पाय अडकतात.

खाण्याकडे मात्र नीट बघा. दोघी गुडघ्यांवर टेकून खातात म्हणालात, तेव्हा मला पहिली शंका सडण्याची आणि दुसरी धान्याची येते. लग्नसराईत उरलेला भात, चपात्या, बुंदी, किंवा ईदच्या आधी वजनासाठी अचानक वाढवलेला मक्याचा भरडा, याने पोटात आम्ल होतं. शेळी त्यातून वाचली तरी खुरांच्या आतल्या जिवंत थराला सूज येते. तेव्हा चारही खूर हाताला गरम लागतात, ती कणा वाकवून आखडत चालते. पुढे काही महिन्यांनी नखीवर आडव्या वळ्या उठतात, नखी जाड होते, टोक वर वळतं. मग मालक म्हणतो, माझी शेळी नेमाने कापूनही नख्या अशाच. त्या वळ्या म्हणजे मागे कधीतरी काय खाल्लं त्याचा दाखला असतो. धान्य वाढवायचं असेल तर दोन आठवड्यांत थोडंथोडं वाढवा. क्षारमिश्रण रोज द्या, नखी टणक व्हायला जस्त लागतं, आणि नुसत्या लसूणघासावर ठेवलेल्या शेळ्यांना त्यातल्या जास्त कॅल्शियममुळे जस्त कमी लागू पडतं.

आता बोकड.

खूर कापायच्या दिवशी माझ्या बाजूला एक वही असते. बिल्ला नंबर, आई, बाप, आणि पुढे चार रकाने: नखी किती वाढली, कुठल्या पायाची, बेचकं कसं, पाय कसा उभा. सहा-आठ आठवड्यांनी प्रत्येक जनावराचे चारही पाय हातात येतात, एवढ्या जवळून आपण तिला वर्षभरात कधी बघत नाही. ती माहिती कात्रीबरोबर फेकून द्यायची नाही. वर्षभराने वही चाळली की कळतं, एकाच शेडमध्ये, एकाच चाऱ्यावर, काही शेळ्यांना कात्री नावापुरती लागते आणि काहींच्या नख्या दर वेळी वाकड्या. भर पावसात काही घराणी लंगडतच नाहीत. माझ्या पैदाशीच्या पाठी मी आधी त्या घराण्यांतून काढते, दूध आणि जुळी त्यानंतर बघते.

दोष रक्ताचा की निगेचा हे ओळखायची माझी पद्धत सांगते. एकाच पायात दोष असेल, तर बहुतेक वेळा मार, काटा, जुनी जखम. दोन्ही बाजूंना सारखाच असेल तर रक्ताचा संशय धरायचा. नात्याबाहेरच्या, वेगवेगळ्या बोकडांच्या सगळ्याच शेळ्यांत दिसला, तर तुमची जमीन किंवा खाणं चुकतंय. वेगवेगळ्या आयांच्या पण एकाच बापाच्या करडांत दिसला, तर बाप. आणि खूर नीट कापून, कोरड्या जागेवर सहा आठवडे ठेवूनही पाय पुन्हा त्याच बाजूला झुकला, नखी पुन्हा त्याच बाजूने झिजली, तर मग शंका राहत नाही. नखी वाकडी झिजते कारण वजन वाकडं पडतं, आणि वजन वाकडं पडतं कारण वरचं हाड-सांधा तसा आहे. तुमच्या पाच पाठींपैकी तिघी तशा, आणि त्यांच्या आया वेगवेगळ्या असतील, तर माझा कौल आत्ताच बोकडाच्या विरुद्ध झुकतो. तरीही सहा आठवडे द्या.

पाय कसा बघायचा? गवंड्याचा ओळंबा आणा, मी गंमत करत नाही. बोकड सपाट, टणक जागेवर मोकळा उभा करा. बाजूने बघताना, ढुंगणाच्या हाडाच्या टोकापासून ओळंबा सोडला तर दोरी मागच्या पायाच्या वाकलेल्या सांध्याच्या, म्हणजे घोडशीर जिथे हाडाला मिळते त्या टोकाच्या मागच्या कडेला लागून खाली टाचेच्या जवळपास पडावी. पाय दोरीच्या फार पुढे, पोटाखाली गेला असेल तर तो विळ्यासारखा वाकलेला. सांध्यात वाकच नसेल, खांबासारखा सरळ असेल, तर तोही वाईट, कारण धक्का झेलायला काही उरत नाही आणि बोकडाचं सगळं काम मागच्या पायांवर आहे. मागून बघताना दोन्ही पाय समांतर हवेत, ते सांधे आत येऊन एकमेकांना घासायला नकोत. समोरून छाती रुंद, पुढचे पाय तिच्या दोन कडांना, गुडघे सरळ, नख्यांची तोंडं समोर.

आणि मग तुमचा मुद्दा, खुराच्या लगेच वरचा तो आखूड तिरका भाग, ज्याला डॉक्टर पास्टर्न म्हणतात. तो स्प्रिंगचं काम करतो. चांगल्या जनावरात तो आखूड, दणकट, नखीच्या पुढच्या बाजूच्याच तिरकसपणात असतो. कमजोर असला की आडवा पडतो आणि मागच्या दोन छोट्या वरच्या नख्या जमिनीकडे येतात. तुमच्या बोकडाच्या त्या छोट्या नख्या आणि जमीन यांच्यात किती बोटं जागा आहे ते मोजून ठेवा. खूर कापल्यावर पुन्हा मोजा. फरक पडला तर आधी नखीचा दोष होता. नाही पडला तर पायाचा. बोटंही बघा: दोन नख्या फाकलेल्या असल्या की बेचक्यात चिखल भरतो आणि सडण्याला आयती जागा मिळते. नखीच्या रंगावर मात्र निवड करू नका. काळी नखी टणक आणि पांढरी कच्ची असं आमच्याकडेही म्हणतात, मी दोन्ही टणक आणि दोन्ही कच्च्या पाहिल्यात.

मी हे सगळं एका बोकडाकडून शिकले. सोळा-सतरा वर्षांपूर्वी बाजारातून आणला होता, उंच, लांब कानांचा, चार दाती, अंगावर चकाकी. मी दात बघितले, अंडकोष बघितले, कान बघून खूश झाले. पाय बघितले नाहीत. वर्षभरात त्याच्या पाठी सुंदर दिसायला लागल्या, शेजारणी मागणी करायच्या. पहिल्या वेताला काही जाणवलं नाही. दुसऱ्या वेताला, पोटात जुळी आणि कास भरलेली, तेव्हा एकेकीचे पाय बसले. छोट्या नख्या जमिनीला घासून रक्ताळल्या. माळावर जायला त्या मागे राहायच्या, बसून राहायच्या, चारा कमी, दूध कमी, करडं किरकोळ. चौदा पाठी होत्या. सगळ्या खाटकाच्या भावाने गेल्या आणि ते रक्त कळपातून काढायला मला चार वर्षं लागली. म्हणून सांगते, पाठीचा पाय पहिल्या वेताला पास झाला म्हणून पास समजू नका. बोकडाची आई तिसऱ्या-चौथ्या वेतात कशी चालते ते बघायला मिळालं तर त्याहून मोठा पुरावा नाही. बाजारात ते दिसत नाही, म्हणून बोकड शक्यतो कळपावर जाऊन घ्यावा.

एका बोकडाचं वजन किती पडतं बघा. तुमच्या 28 शेळ्या, दोन वर्षांत तीन वेत, उस्मानाबादीत जुळी सर्रास, वेताला सरासरी दीडच करडू धरलं तरी शंभराच्या वर करडं. एका शेळीचा दोष तिच्या चार-पाच करडांत राहतो, बोकडाचा या सगळ्यांत. नर करडं विकाल असं म्हणाल, तर ईदच्या बाजारातलं गिऱ्हाईक आठवा. लंगडं जनावर कुर्बानीला चालत नाही, म्हणून ते पैसे द्यायच्या आधी बोकड चालवून बघतं.

वजनाच्या मोहाबद्दल एवढंच. उस्मानाबादी शेळी साधारण 30 ते 35 किलोची, पाय त्या वजनाला बेतलेले. बोअर जातीचा बोकड शंभर किलोच्या पुढे जातो. संकर करू नका असं मी म्हणत नाही, पण ज्या जातीचा बोकड आणाल त्याची हाडं त्याच्या स्वतःच्या वजनाला पुरतात का ते बघा. अंग बापाचं आणि पाय आईचे घेऊन आलेलं करडू सहाव्या महिन्यात कौतुकाचं असतं, तिसऱ्या वर्षी गुडघ्यावर असतं. आणि सध्याच्याच बोकडाला त्याच्या पाठींवर सोडू नका. बापलेकीच्या संबंधातून जे कमजोर आहे तेच दुप्पट होऊन समोर येतं. बोकड दोन वर्षांनी बदलायचा हा नियम त्यासाठीच आहे.

तर आजपासून बोकड वेगळा बांधा, म्हणजे या सहा आठवड्यांत माजावर येणाऱ्या शेळ्या त्याच्याकडून गाभण राहणार नाहीत. माजावरच्या शेळ्यांसाठी गावात किंवा दवाखान्यात कृत्रिम रेतनाची सोय असेल तर ती घ्या, नाहीतर एक माज चुकू द्या, तो सुमारे 21 दिवसांनी परत येतो. त्या तिघी पाठींना आत्ता गाभण करू नका. पाय नाहीच सुधारले तर त्यांचं वजन चांगलं असताना विकलेल्या बऱ्या, आणि विकताना घेणाऱ्याला पैदाशीसाठी नाहीत हे सांगून विका. बोकडाचंही तसंच. दुसऱ्या फेरीचे खूर कापून झाले की पाचही पाठींचे आणि बोकडाचे फोटो सपाट फरशीवर, बाजूने आणि मागून, गुडघ्यांच्या उंचीवरून काढून पाठवा. पायांत गवत आडवं येऊ देऊ नका.